झाकण उचलून बघणाऱ्या मॅडम

काल आमच्या कुमुद मॅडम गेल्या. आणि शेवटच्या सहा महिन्यांत मी त्यांच्या घरी एकदाही गेले नव्हते.

एकाच शहरात राहायचो, त्या अलकापुरीत, मी वाघोडिया रोडला. म्हणजे सबब सांगायचीही सोय नाही.

मॅडम माझ्या पीएचडीच्या गाइड. कट्टर शाकाहारी बाई. आयुष्यभर फूटपट्टी लावून मासे मोजले, चाखला एकही नाही.

माझा विषय होता भरूचच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातली मासेमारी. लहान होड्या, घरचीच माणसं, हाताने ओढायची जाळी. हे असंच पुढे टिकेल का, एवढाच प्रश्न.

दोन वर्षं मी होड्या लागल्या की विक्रीच्या टोपल्यांतले मासे तोलून वहीत लिहीत होते. आकडे एकदम स्थिर. खुशीत निष्कर्ष लिहून टाकला की इथे सगळं ठीक आहे.

मॅडमनी थिसिस वाचला आणि विचारलं, "यांच्या घरी काय शिजतं ते पाहिलंस?"

मला वाटलं, बाईंचं काहीतरीच.

दुसऱ्या दिवशी मला गाडीत घालून निघाल्या. करजणला चहा घेतला तेव्हाही मी फुगलेलीच होते.

गावात पोचल्यावर किनाऱ्याकडे वळल्याच नाहीत. थेट रेवाबेनच्या चुलीशी. ही रेवाबेन होडीतून आलेले मासे निवडायची. मी तिला दोन वर्षं ओळखत होते, घरात मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं.

मॅडमनी तिला विचारून पातेल्यावरचं झाकण उचललं.

तुरीची डाळ.

शेजारच्या घरीही डाळ. त्याच्या पुढच्या घरी बटाटे.

रेवाबेन कसनुसं हसली. "पहेलां घरनुं काढीने वेचता, बेन. हवे बधुं वेचाय छे."

पूर्वी घरापुरते मासे बाजूला काढून उरलेले विकायचे. आता मिळतातच कमी, म्हणून घरचा वाटाही टोपलीत जातो. माझे आकडे स्थिर होते ते त्या पातेल्यांच्या जिवावर.

थिसिस दीड वर्ष लांबला. मी आईपाशी जाऊन रडले, मॅडमशी बोलणं टाकलं. त्यांनीच एक दिवस फोन केला.

"लोक विचारलं की बरंच आहे म्हणतात गं. आपण झाकण उचलून बघायचं."

गेले सहा महिने मी दर रविवारी त्यांना फोन करायचे. जेवलात का?

हो गं, मस्त पिठलं-भाकरी. कधी थालीपीठ. कधी मसालेभात.

मी निर्धास्त.

काल त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा टाकायला गेले. गॅसवर एक छोटं पातेलं होतं. झाकण उचललं.

मऊ भात. वाटीभरसुद्धा नसेल.

शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, चार महिने बेन एवढंच खायच्या, त्यातलंही अर्धं उरायचं.

मॅडम, तुम्ही शिकवलेलं मी गावोगाव केलं. तुमच्याच घरी करायचं राहिलं.

मला माफ करा. शेवटचा नमस्कार.