पायाखालची माती

शेजारी झाड उतरवायला माणसं आली आहेत. पेट्रोलचा आणि ओल्या भुशाचा वास खिडकीतून आला आणि माझा उजवा पाय आपोआप आखडला.

नव्वदच्या दशकात सोनईजवळ ओढ्याच्या उतारावर आम्ही बाभूळ पाडत होतो. साखळीची करवत माझ्या चुलतभावाची, दगडूदादाची; आम्ही तिला मशीनच म्हणायचो. मशीन लावण्याआधी त्यानं विचारलं होतं, "पळायचं कुठनं, ठरवलं का?" मी हसण्यावारी नेलं. झाड पडताना फिरलं, मी काट्यांत अडखळलो आणि पाय खोडाखाली सापडला.

दादानं आधी मशीन बंद केलं. मग तो झाडाभोवती फिरत नुसता बघत राहिला.

"दादा, काप की ती फांदी," मी ओरडलो. शिव्याही घातल्या.

"त्याच फांदीवर खोड थांबलंय. हलू नको," तो म्हणाला.

खोड घसरू नये म्हणून त्याला दगडांची उटी लावून तो खुरप्यानं माझ्या पायाखालची माती उकरू लागला. ओल्या मातीत गाल टेकून मी ती खरखर ऐकत होतो. तो घाबरलाय, असं मला वाटत होतं. खरं काम त्या बघण्यातच झालं होतं, हे आज कळतं.

पाय निघाल्यावर त्यानं मला वर नेऊन बसवलं आणि उताराच्या वरच्या अंगाला उभं राहून ती फांदी कापली. खोड उटीचे दगड उडवत गडगडलं आणि मी पडलो होतो तिथूनच ओढ्यात गेलं.

दादानं मशीन पुसलं. "आता घाल शिव्या," तो म्हणाला.