पडेल कॅसेट

गच्चीवर कुरडयांच्या वाळवणावर वहिनींनी कॅसेटची फीत गाठी मारून, ताणून बांधली होती. ती उन्हात चमकली की कावळे बिचकतात.

"भाऊजी, तुमच्या गाजलेल्या कॅसेटना हात लावला नाही हं," त्या म्हणाल्या. "ही पडेल होती, तीच घेतली."

माझ्या लाडक्या पॉप बँडची ती शेवटची कॅसेट. निघाली तेव्हा कुणी घेतली नाही, आता कुठेच मिळत नाही. थकलेले आवाज, पण माझे सगळे वाईट दिवस मी त्यांच्याच आधाराने काढले. यापुढचे कसे काढू?

वाऱ्यावर फीत घूं घूं करते. एखादं कडवं तरी ऐकू येईल म्हणून मी वेड्यासारखा कान लावून उभा आहे. कावळे लांब कठड्यावर बसलेत. तेव्हा लोकही तिच्यापासून असेच लांब राहिले होते.