लाल रेघ, हिरवी रेघ

वर्ध्याहून गाडी सुटली तेव्हा विनायकच्या मांडीवर सांबारवडीचा (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) डबा होता. शहरात उतरेपर्यंत त्यानं तो खाली ठेवला नाही. विनायक माझा धाकटा भाऊ. मी नालवाडीत राहते, तो अल्लीपूरला भाजीपाला पिकवतो. शहरात नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीचं, प्रणालीचं, पायाचं ऑपरेशन झालं होतं. तिची आई सुनंदा आठवडाभर राहून परतली, आता आमची पाळी. मी प्रणालीच्या खोलीवर स्वयंपाक करायचा आणि विनायकनं मेट्रोनं दवाखान्यात डबा पोचवायचा, असं ठरलं.

स्टेशनच्या भिंतीवरचा मेट्रोचा नकाशा मला बघताक्षणी आवडला. बाहेर सगळ्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, इथे मात्र रेघा कशा सरळ, रांगोळीसारख्या. गाडी बदलायची तिथे ठसठशीत पांढरा गोल. नवख्याला धीर यावा असं काम.

"मोठ्या गोलावर उतरजो, मंग हिरवी रेघ पकडजो," मी विनायकला सांगितलं.

पहिल्याच दुपारी प्रणालीचा फोन आला. "आत्या, बाबा आलेच नाई. फोनही लागून नाई राह्यला."

मी धावतच निघाले. गाडी बदलायच्या त्या स्टेशनवर विनायक बाकावर बसलेला दिसला. भलत्याच टोकाला जाऊन परत आला होता. डबा तसाच, डोळे भरलेले.

"पोरगी उपाशी राह्यली ना बाई."

"अरे, हिरवी सांगितली होती ना? लाल गाडीत काऊन बसला?"

तो उठला, मला नकाशापाशी घेऊन गेला आणि दोन रेघांवर दोन बोटं ठेवली. "यातली हिरवी कोनती? मले तं दोनी सारख्याच दिसून राह्यल्या."

मला आधी थट्टाच वाटली. मग मळा आठवला. टमाटे तोडायला तो कधी जात नाही, सुनंदा जाते. त्यावरून आम्ही त्याला आळशी म्हणत आलो.

"पिकलेला टमाटा मी दाबून पायतो," तो हळूच म्हणाला. "मले वाटे, सगळेच तसं करतात."

पुन्हा नकाशा पाहिला. सगळी भिस्त रंगावर, रेघेला ना नाव ना आकडा. अंतराचंही खरं नाही. बोटभर दिसणारी दोन स्टेशनं प्रत्यक्षात केवढी लांब! पण प्रत्येक रेघेच्या टोकाला शेवटच्या स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, आणि फलाटाच्या पाटीवरही तेच. विनायकनं ते नाव पुटपुटत पाठ केलं.

"उद्या तू येऊ नको बाई. मीच जातो."

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसले. फोन वाजला. पलीकडून प्रणाली तोंडात घास घेऊनच बोलत होती.

ती काठी धरून चालू लागली तसे आम्ही परतलो. त्या नकाशाचा मला राग नाही. त्याच्यापुढे उभे राहिलो नसतो तर विनायकला आम्ही जन्मभर आळशीच म्हटलं असतं.

अल्लीपूरच्या अंगणात सुनंदाला सगळं सांगितलं. ती नवऱ्याकडे वळली.

"मंग लगनात माहा लाल शालू तुमाले कसा दिसला?"

विनायक चपला काढत होता. मान वर न करता म्हणाला, "शालूकडे कोन पाहून राह्यलं होतं!"