पाण्याच्या टाकीवरच्या पांढऱ्या रेघा

फुटलेली ती टाकी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा मी गेवराई तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. दुष्काळाचे दिवस. एका सहकारी दूध संघाचा ट्रक गावोगाव पाणी घेऊन फिरायचा. ट्रकवर फायबरची टाकी होती, हलकी आणि न गंजणारी. एका दुपारी भर गर्दीत टाकीची बाजू फाटली. लोंढ्याने एक बाई मागच्या दगडी कट्ट्यावर आपटली आणि जागीच गेली.

संध्याकाळी आमच्या खबऱ्याने सांगितलं, "साहेब, काल डायवर पहारीनं टाकीवर ठोकत व्हता. म्या बघितलंय."

त्याआधी थोडेच दिवस पाण्याच्या नंबरावरून गावातल्या पोरांनी ड्रायव्हरला बदडलं होतं. म्हणजे राग होता, पहारही केबिनमध्येच सापडली. पंचनामा केला आणि त्याला उचललं. गाव ठाण्यासमोर येऊन ओरडत होतं, "आमच्या ताब्यात द्या त्याला!"

लॉकअपमधल्या माणसाला कुणी ना कुणी डबा आणतं, अट्टल चोराचीसुद्धा आई येते. याचं कुणीच आलं नाही. बायको वारलेली, झोपणं ट्रकच्या केबिनमध्ये. माझंही बिऱ्हाड मुलांच्या शाळेपायी पुण्याला होतं. मेसच्या डब्यातल्या दोन भाकरी मी त्याला पाठवू लागलो. फार मोठं मन होतं अशातला भाग नाही, एकट्याने जेवायचा मला वीट आला होता.

चौकशीत मी आवाज चढवला तेव्हा तो खालमानेने बोलला, "मडकं घेताना वाजवून बघत्यात ना साहेब, तसं बघत व्हतो. टाकीवर पांढऱ्या रेघा दिसल्या व्हत्या. संघाच्या सेक्रेटरीला सांगितलं, तर त्यांनी वरून रंग दिला अन चेअरमनसायबांचं नाव टाकलं."

"मग आवाज कसा आला?"

"बद्द आला. नव्या रंगानं आसंल, आसं वाटलं."

पोलिसाला अशा कहाण्या रोज ऐकाव्या लागतात. मी उठलो आणि आवारात ठेवलेली टाकी पुन्हा पाहिली. पहारीने फोडली असती तर तुटलेली कड ताजी दिसली असती. इथे कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्या आत खोलवर हिरवं शेवाळ धरलं होतं. शेवाळ काही एका रात्रीत धरत नाही.

तुकडा औरंगाबादला अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांकडे पाठवला. त्यांनी रंग खरवडला तर खाली पांढऱ्या रेघांचं जाळंच निघालं. ते म्हणाले, "यात काचेच्या धाग्यांचे थर राळेने चिकटवलेले असतात. टाकी रोज भरते, रिकामी होते, खड्ड्यांत हिसके खाते. एकेक हिसका ती सोसते, पण राळेत बारीक चिरा पडत जातात, मग थर सुटतात आणि शेवटी धागेच तुटतात. सामान थकतं, साहेब."

"आधी कळलं असतं?"

"भार आणि खेपा धरून अंदाज बांधता येतो, नेमका दिवस नाही सांगता येत. पण त्या रेघा दिसल्या तेव्हाच टाकी उतरवायला हवी होती."

ड्रायव्हर सुटला. हलगर्जीपणाचा गुन्हा सेक्रेटरीवर दाखल केला. फाटकाबाहेर पडल्यावरही ड्रायव्हर तिथेच उभा होता. "साहेब, त्या बाईच्या घरी संगं येता का? एकट्यानं जायची हिंमत न्हाई."

गेलो. तिचा नवरा उंबऱ्यावर बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता ड्रायव्हरला विचारलं, "आवाज बद्द आला व्हता, मंग आमाला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर टँकर बंद पडला आसता. तुमी मला पुन्हा मारलं आसतं."

नवरा म्हणाला, "व्हय. मीच पयला धावलो आसतो."

ड्रायव्हर हमरस्त्याकडे चालत गेला. जीपमध्ये बस म्हटलं, बसला नाही. पुढे प्रत्येक तपासात मी संशयिताला एक प्रश्न हटकून विचारायचो, "हे तू कुणाला सांगितलं होतंस?" पुष्कळांचं उत्तर एकच असायचं, "सांगायला व्हतं कोन, साहेब?" नोकरीत असताना ते मी जबाबात लिहून पुढे जायचो. आता बायको नाही, मुलं दूर, घरात मीही एकटा असतो, आणि जुनं आठवताना त्या उत्तरापाशी आलो की पुढे जाता येत नाही.