गजाला हात कुणी लावला?

शिरीष गेल्याचा निरोप त्याच्या पुतण्याने मोबाइलवर पाठवला, तेव्हा मी आधी नंबर तपासला. मग परळच्या त्याच्या घरी फोन लावून खात्री केली. संशयाची ही खोड मला शिरीषनेच लावली. तरुणपणापासून आम्ही लालबाग-दादरच्या कार्यक्रमांत शेजारी बसून व्हायोलिन वाजवलं, पण तारांवर फिरवायचा आपला गज त्याने कधी माझ्या हाती दिला नाही.

वाजवून झालं की तो स्क्रू फिरवून गजाला ताणलेले घोड्याचे केस सैल करायचा. कसलेला राहिला तर काठीचा बाक जातो, हे त्याचं पालुपद. मग फडक्याने काठीवरची राळ पुसायची, पण केसांना बोट लागू द्यायचं नाही; बोटाचं तेल लागलं की तिथे चोळलेली राळ धरत नाही. केस बदलायला फणसवाडीतल्या कारागिराकडे गेला, तर काम संपेपर्यंत समोर स्टुलावर बसून. "डोळा चुकवून काठीच बदलली तर?" कारागीर हसायचा, शिरीष नाही. पावसाळ्यात दमट हवेने केस आपसूक सैल पडायचे, तरी व्हायोलिनची पेटी उघडताच याचा प्रश्न, "गजाला हात कुणी लावला?" आणि नजर माझ्याकडे.

"अरे, मी कशाला लावू?"

"तूच लावशील. बाकी कुणाला त्यातलं कळतंय?"

मला राग यायचा... आणि थोडं बरंही वाटायचं.

महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. "भावजी, पेटी तुम्हीच न्या." उघडली, तर गज ताठ कसलेला आणि केसांवर बोटांचे काळपट डाग. शिरीष असा ठेवून जाणं शक्यच नव्हतं. माझ्या मनात लगेच पुतण्या आला. विकायचं ठरवून कुणाला तरी वाजवून दाखवला असणार. काठी तरी तीच आहे का, म्हणून ती खिडकीशी नेऊन पाहिली. टोकाजवळचा जुना ओरखडा जागेवर होता. तरीही तोंडून गेलंच, "गजाला हात कुणी लावला?"

चहा गाळता गाळता वहिनी थांबल्या.

"मी. रोज लावते."

"तुम्ही? कशाला?"

"ह्यांनी कधी लावू दिला नाही ओ. पेटी जरा सरकली तरी विचारायचे. आता मुद्दाम लावते, तर कुणी विचारतच नाही..." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आज तुम्ही विचारलंत."

मी केस सैल केले आणि पेटी होती तिथेच, कपाटावर ठेवली. परवा पुन्हा गेलो. पेटी उघडली. गज कसलेला होता. वहिनी दारात उभ्या होत्या, आणि मी विचारलं.