उण्याची रेघ

"मावशी, पुसा ते. पुसायची सवय आहे तुम्हाला."

वर्गाच्या दारात उभं राहून विभागप्रमुख बोलले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट फळ्यावरच्या एका रेघेकडं. समोर दुसऱ्या वर्षाचा भरलेला वर्ग. आणि खडू धरलेली मी.

मावशी! चुकीचं काय म्हणा. चौदा वर्षं मी याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुतल्या, टेबलं पुसली, ॲसिडनं दोन साड्यांची चाळणी करून घेतली. डबा खाता खाता वाचून बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी. आता तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी नवं नेमणूकपत्र. त्यावर सही याच सरांची.

त्या दिवशी मी रंगात आले होते. वायू फुगताना काम करतो, ते शिकवत होते. त्यासाठी कुकर घेतला. खरा नाही, तोंडानंच. अशी शिट्टी मारली की मागच्या बाकावरचा झोपलेला गडी उठून बसला.

"शिट्टी उचलायचं काम कुणी केलं?"

"वाफेनं!"

"मग पोटातली ऊर्जा कुणाची गेली?"

"वाफेचीच!"

"म्हणून तिचं काम उणे." कामाच्या आकड्याआधी मी उण्याची रेघ ओढली. आजच्या पुस्तकात हीच रीत आहे.

शिट्टी ऐकूनच सर आले होते. त्यांच्या जुन्या वहीत वायूनं केलेलं काम अधिक धरायचं असं होतं. तसंही चालतं, फक्त पुढं समीकरणात ते वजा करायचं. पण सरांनी समीकरण बघितलंच नाही.

"काम केलं की उणे? हे तुमच्या पिशोरचं गणित का?"

पिशोर माझं माहेर. वर्ग हसला. मघाशी माझ्या शिट्टीला हसलेला, तोच वर्ग.

आणि मी पुसलं. खोटं कशाला सांगू? चौदा वर्षांचा हात तो, हुकूम कानात शिरायच्या आत निघतो. रेघ गेली.

पहिल्या बाकावर करमाडहून येणारी एक मुलगी बसते. तिनं खोडरबर उचललं. "मॅडम, आम्ही पण खोडायचं का?"

परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि मी पोरांच्या वह्यांतलं बरोबर उत्तर पुसायला निघाले होते.

"नाय," मी म्हणाले. माहेरचा शब्द निसटला. "नाय खोडायचं कुणी."

रेघ पुन्हा ओढली. चांगली वीतभर. शेजारी सरांची रीत मांडली. शंभर उष्णता आत, चाळीस काम बाहेर. दोन्हीकडं उरले साठच.

"सर, तुमची रीत जुनी आहे, चूक नाही. माझीही चूक नाही. आणि या वर्गात मी मॅडम आहे."

सर कप घेऊन वळले. "पुढच्या वर्षी बघू, मावशी."

"बघा, सर."

ज्याचा तास, त्यानं जाताना फळा पुसायचा, असा आमच्याकडचा रिवाज. घंटा झाली. मी डस्टर टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले.

काम केलं की आपल्यातलं काहीतरी जातं, हे मला पुस्तकानं सांगायला नको होतं. वर लोक उणंदुणं काढतात ते वेगळंच. पुढच्या वर्षी पत्र आलं नाही तर न येवो. नळ्या पुन्हा धुवीन, टेबलंही पुसीन. पण माझ्या हातची बरोबर रेघ कुणाच्या सांगण्यावरून पुसणार नाही.