देवीचा रिकामा चौथरा

धानोऱ्याच्या वाटेवर एक म्हातारा रोज देवीचा रिकामा चौथरा धुते. मोठ्या लढाईत गोऱ्या साहेबानं मूर्ती विलायतेले नेली. म्हणे, इथी बॉम्ब पडतीन.

"बॉम्ब तर तिकडंच पडले!" म्हातारा हासते. मूर्ती फुटली का अजून आहे, कोणाले ठाऊक नाई. तरी चौथऱ्यावर कोणी टेकलं, का वरडते, "ऊठ बे, तिची जागा आहे!"

माझी बायको गेली त्या आठवड्यात मी मोहाच्या फुलाच्या वासात, सपनात चालल्यासारखा तिथी पोचलो आन् चौथऱ्यावरच बसलो. ध्यानात आलं तसा उठाले लागलो. त्यानं खांदा दाबला.

"बसा भाऊ. आज देवी काई म्हणत नाई."

मंग माझ्या भोवतीनं तो चौथरा धूत राह्यला.